बोक्यासाठी पट्टा

झाड गेलं होतं. टेंपोतून उतरल्यावर धाकटीने सवयीने शेताच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं, तर तिथे नुसतं आकाश. विजेच्या नव्या तारांना आड येत होतं म्हणून माणसं येऊन कापून गेली, असं मुकादमीण म्हणाली. गुडघ्याएवढं खोड उरलं होतं. त्यातून चीक झिरपत होता आणि चिकाला मुंग्या लागल्या होत्या. धाकटीच्या काखेत झोळीच्या कापडाची गुंडाळी होती आणि कडेवर तिचा पाच महिन्यांचा मुलगा, बोका. झोळी आता कुठे टांगायची, हे तिने विचारलं नाही. नजर जाईल तिथवर मिरचीच होती. तिची उंची कमरेच्या वर कुठेच नव्हती.

टोळीत बारा बायका. वयाने सगळ्यांत लहान म्हणून ही धाकटी. ते नाव इतकं चिकटलं की घरी नवराही तेच म्हणायला लागला. मिरची लाल झाली होती, आणि मधला आठवडा ढगाळ गेल्यामुळे खालच्या फळांवर काळे डाग दिसू लागले होते. तोडा आठ दिवसांत उरकायचा होता. प्रत्येकीला रोज एक सरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धी सोडलेली सरी दुसऱ्या दिवशी सकाळी बघवत नसे. पिकलेली फळं खाली पडून मऊ झालेली असत.

मुकादमीण साठीला टेकलेली, आवाज कधीही न चढवणारी बाई. तिने एकदा खोडाकडे बघितलं, एकदा बोक्याकडे. म्हणाली, आजचं मी धरत नाही. उद्यापासून जिच्या तीन सऱ्या अर्ध्या राहतील, तिची टेंपोतली जागा दुसरीला. धाकटीला निराळं सांगितलं असं नव्हतं, सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण बाकी अकरा जणींनी धाकटीकडेच बघितलं.

जागेचं महत्त्व असं, की तोडा संपला की टेंपोत असतील त्याच बारा जणी पुढे चार महिने शेडमध्ये देठ खुडायला जात. सावलीतलं बैठं काम. पोराला पोत्यावर शेजारी निजवलं तरी कोणी हटकत नसे. धाकटी बोका पोटात असल्यापासून त्या शेडचा हिशेब करत आली होती. एवढे आठ दिवस काढले की सुटलो, असं ती मनाशी म्हणत असे. बोक्याला घरी ठेवायचं म्हटलं तर शेत टेंपोने तासावर, आणि बोका बाटलीला तोंड लावत नव्हता, चमचा दिसला की तोंड मिटून घेत होता. सासूचा उजवा हात महिन्यापूर्वी मनगटात मोडला होता आणि कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिला बोका उचलता येत नसे. बोक्याला ते पटत नसे, आणि सासूलाही.

त्या दिवशी धाकटीने ओढणीने बोका पुढे बांधला. तोडलेल्या मिरचीची पिशवीही पुढेच असते, खांद्यावरून पोटावर आलेली. बोक्याचे पाय पिशवीत जायला लागले. पिशवी बाजूला ओढली तर हात पुरेना. बोका बाजूला सरकवला तर त्याची मान लुळी पडायची. शेवटी एका हाताने त्याचं डोकं धरून दुसऱ्या हाताने ती तोडत राहिली. एका हाताने मिरची तोडली की देठ झाडावर राहतो, नाहीतर फांदीच हातात येते. संध्याकाळी तिच्या सरीचा तिसरा हिस्सा लाल उरला होता.

घरी कपाटावर एक खोका होता. नणंदेने शहरातल्या दुकानातून बोक्याच्या जन्माच्या वेळी पाठवलेला आणि कोणी न उघडलेला. खोक्यावर एका बाईचं चित्र होतं. पोर तिच्या पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे. ती सरळ उभी होती, हसत होती, आणि तिच्याकडे दुसरं काहीही सामान नव्हतं. धाकटीला ते चित्र बरं वाटलं. सासू म्हणाली, एवढी गादी भरलीय, ती बाई घामाघूम कशी नाही झाली. नवरा म्हणाला, दुकानातली वस्तू आहे, विचार करूनच बनवली असणार. तो फवारणीचे पंप दुरुस्त करत असे आणि गावात सगळे त्याला पंपवाला म्हणत. बनवलेल्या वस्तूंबद्दल त्याच्या मनात आदर होता.

दुसऱ्या दिवशी तीच वस्तू पाठीला लावून शेतात सकाळचे दोन तास बरे गेले. मग ऊन चढलं. गादीतून वारा जात नव्हता. धाकटीची पाठ आणि बोक्याचं पोट एकमेकांना चिकटून भिजले. बसायची जागा वीतभरही रुंद नव्हती, त्यामुळे बोका दोन पायांच्या मधल्या पट्टीवर तोललेला होता आणि पाय काठीसारखे खाली लोंबत होते. धाकटी वाकली की तो तिच्या पाठीपासून सुटून डोक्यावरून पुढे यायचा. आणि मुख्य बक्कल पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे. पाजायची वेळ झाली की शेजारच्या सरीतल्या उंचाडीला हाक मारावी लागे. उंचाडी चांगली बाई. पहिल्या वेळी ती हसत आली, दुसऱ्या वेळी नुसती आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "धाकटे, हे लावायला आणि काढायला घरून एक माणूसपण आणायचं होतंस." ती बोलली थट्टेतच, पण तिची सरीही मागे पडत होती. तिने बक्कल मनगटांनी दाबून उघडलं, कारण बोटांना मिरची होती.

संध्याकाळी मुकादमीण सऱ्या बघत आली. धाकटीच्या सरीत शेवटची पंधरा-वीस झाडं लाल होती. मुकादमिणीने एक बोट वर केलं.

बोक्याच्या जांघेत दोन्हीकडे लाल वळ उठले होते आणि पाठभर घामोळं. सासूने डाव्या हाताने तेल लावलं. पंपवाल्याने तो दुकानातला प्रकार उलटासुलटा करून बघितला, शिवण ताणून बघितली, आणि म्हणाला, काम चांगलं आहे पण ज्याने बनवलंय त्याने कधी ओझं उचललेलं नाही. मग खिशातून टेप काढला. फवारणीचे दिवस सरले होते, दुकानात काम नव्हतं, आणि चार दिवस तो नुसता पंपांवरची धूळ पुसत बसला होता.

त्याने रात्रीच्या जेवणाआधी धाकटीच्या खांद्यांची रुंदी घेतली. बोक्याला मिरच्या तोलायच्या काट्यावर बसवून वजन घेतलं, साडेसहा किलो. पंपाची पाठीकडची चौकट कापून आखूड केली, तिला कापड मढवलं. पट्टे कोरे घेतले, वापरलेल्या पट्ट्यांना औषधाचा वास असतो म्हणून. तरी सासूने प्रत्येक पट्टा नाकाला लावून बघितला. खांद्यावरून येणारा पट्टा छातीजवळ एका बक्कलात जात होता. टोक खाली ओढलं की घट्ट, बक्कल वर उचललं की सैल. एका हाताचं काम. मग साडेसहा लिटर पाण्याचा कॅन त्यात बसवून, तो स्वतःच्या पाठीवर घेऊन पंपवाल्याने अंगणात तीस फेऱ्या मारल्या. कॅन जागचा हलला नाही.

"तो पंप नाहीये रे," सासू म्हणाली.

पंपवाला म्हणाला, वजन ते वजन.

आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही ते आवडलं. सकाळी बोका त्यात रुंद बसला, गुडघे वर, पाय तिच्या कमरेभोवती. मध्ये मढवलेल्या चौकटीमुळे दोघांच्या मधून वारा खेळत होता. पिशवी भरत गेली की तिचा पट्टा त्याच खांद्यावर घसरून बोक्याचा पट्टा सैल करायचा, मग धाकटी छातीजवळचं टोक ओढायची. पिशवी पाटीत रिकामी केली की सगळं एकदम आवळायचं, मग बक्कल उचलायचं. ओढ, उचल, ओढ. एक हात क्षणभर जाऊन परत यायचा, एवढंच. दहा वाजेपर्यंत ती उंचाडीच्या पुढे निघाली होती. उंचाडीने मागून विचारलं, कोणाचं डोकं हे. धाकटीने मान न वळवता सांगितलं, आमच्या पंपवाल्याचं. एवढं मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

बोक्याला दात यायला लागले होते. हाताला येईल ते तो तोंडात घालत होता, आणि हाताला येण्याजोगं तिथे एकच होतं. धाकटीच्या खांद्यावरून जाणारा तो पट्टा.

आधी तो नुसता कण्हला. मग त्याने श्वास ओढून घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. नंतर जी किंकाळी आली ती ऐकून मुकादमीण टेंपोजवळून उठून उभी राहिली. धाकटीने बक्कल उचललं, चौकट पुढे घेतली. बोक्याचे ओठ लाल होऊन सुजायला लागले होते, हनुवटीवरून लाळ वाहत होती. तो मूठ तोंडावर घासत होता, आणि ती मूठही पट्ट्याला लागलेली. काय झालं ते सांगावं लागलं नाही. सकाळपासून तिने तो पट्टा शंभरदा तरी बोटांनी ओढला होता.

तिखट पाण्याने जात नाही, दुधाने आणि तेलाने जातं, हे सगळ्यांना माहीत होतं. उंचाडी धावत आली, आणखी तिघी-चौघी आल्या, आणि सगळ्या हात पुढे करून थांबल्या. बारा बायकांत मिळून चोवीस हात होते आणि त्यांतला एकही स्वच्छ नव्हता. घरी जाताना त्या आधी तेल चोळत, मग राख, मग साबण, तरी रात्री डोळा चोळायची भीती असे. तेलाची बाटली टेंपोत, सरीच्या दुसऱ्या टोकाला. एक जण तिकडे पळाली. धाकटीने तेवढी वाट बघितली नाही. अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. त्याची बटणं तिने कोपराने रेटून, दाताने ओढून तोडली. बोक्याला दोन कोपरांत धरून छातीशी नेलं. त्याने तोंड लावलं आणि दुसऱ्या क्षणी तिला कळलं की त्याच्या तोंडातलं तिखट आता कुठे जाणार आहे. तिने ओरडायचं नाही असं ठरवलं आणि ती ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसता आलं नाही.

पाऊण तासाने बोका झोपला. त्या दिवशी पाव सरी उरली. मुकादमीण दोन बोटं दाखवायला आली, पण तिने हात वर केला नाही. एवढंच म्हणाली, "उद्याचा एक दिवस आहे, पोरी. मी तीन पोरं वाढवलीत याच शेतांत. पण मला झाड होतं."

घरी सगळं बोलणं एकदम झालं. पंपवाला म्हणाला, पट्ट्यात दोष नाही, हात पुसून ओढला असता तर. सासू म्हणाली, मी आधीच म्हटलं होतं की तो पंप नाही. शेजारीण डोकावली, तिने सांगितलं की तिच्या बहिणीने पोराला टोपलीत ठेवून टोपली पुढे पुढे सरकवली होती. पंपवाला पुन्हा म्हणाला, शेवटी हाताची सवय महत्त्वाची. सगळे बोक्याचे ओठ बघत होते. धाकटी ओसरीच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हात कोपरापासून तेलात माखलेले, बोटं फाकवून. ती तीन दिवस सगळ्यांचं ऐकत होती. बक्कल ऐकलं, गादी ऐकली, चौकट ऐकली.

"तुम्ही घाला," ती म्हणाली.

पंपवाल्याला कळलं नाही.

"आत्ता. बोका मागे, पिशवी पुढे. आणि पट्ट्याला हात लावायचा नाही."

ती उठली आणि पंपांच्या दुकानातून वायसरांचा, पंपात बसवायच्या रबरी चकत्यांचा, डबा घेऊन आली. अंगणाला गुडघ्याएवढी भिंत होती. तिच्यावर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत-वीत अंतराने वायसर मांडले. पंपवाल्याने आधी हसण्यावारी नेलं, मग आईकडे बघितलं. आई म्हणाली, घाल की, तुझंच काम आहे ते. सासूने सांगितल्याप्रमाणे शेजारणीने बोका त्याच्या पाठीवर बसवला आणि खांद्यावर तोडणीची पिशवी अडकवली. तो वाकून दोन्ही हातांनी वायसर वेचायला लागला. वायसर हलके, म्हणून धाकटी शेजारून चालत दर चार पावलांना पिशवीत जुना पितळी नोझल, नाहीतर पंपाचा दांडा टाकत होती. पिशवी खाली ओढायला लागली. खांद्यावरचा पट्टा घसरला, बोका एका बाजूला कलंडला आणि पंपवाल्याचा हात आपोआप छातीकडे गेला.

"हात," धाकटी म्हणाली.

हात परत गेला. आणखी सहा वायसर.

"हात."

भिंत संपेपर्यंत असं अकरा वेळा झालं. शेजारीण हसून गेली, सासू हसत राहिली. पंपवाला हसला नाही. घामाने निथळत तो भिंतीच्या टोकाशी वाकलेलाच उभा राहिला, जणू सरळ व्हायची परवानगी लागते. फवारणारा माणूस ताठ चालतो, आणि त्याने आयुष्यभर ताठ माणसांसाठी पट्टे बांधले होते.

"पंप फवारताना हलका होत जातो," तो म्हणाला. "हे उलटं आहे. हे भरत जातंय."

"हो," धाकटी म्हणाली.

"बोक्याचं वजन तेवढंच राहतं. पिशवीच खेचते."

"तेच तीन दिवस मला होतंय."

आधी मला विचारायचं होतंत, हे ती म्हणाली नाही. ते त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो मान खाली घालून बक्कल सोडायला लागला.

रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने चौकट मोडली. पंपाचे दोन्ही पट्टे जोडून एक रुंद कंबरपट्टा केला आणि मिरचीची पिशवी त्याला पुढून अडकवली, म्हणजे तिचा भार कमरेवर, खांद्यावर काही नाही. बाजूला तेलाची छोटी बाटली अडकवायला एक फास ठेवला. बोक्यासाठी राहिलं ते झोळीचं कापड, तीन दिवस गुंडाळीतच पडलेलं. ते कसं बांधायचं हे फक्त सासूला माहीत होतं, आणि तिला दाखवता येत नव्हतं. डावा हात एक करायचा, प्लास्टरमधला उजवा हवेतल्या हवेत दुसरं. उजवीकडून वर घे, अगं माझ्या उजवीकडून नाही, तुझ्या. काखेतून. दोन्ही गुडघ्यांखालून जाऊ दे. आता वाक. वाकल्याशिवाय बांधतेस कशाला, तुला वाकायचंच आहे ना दिवसभर. सात वेळा बांधलं, सात वेळा सोडलं. एकदा तर धाकटी कापड टाकून आत निघून गेली, मग परत आली. आठव्या वेळी ती आधी वाकली, वाकूनच गाठ मारली, आणि सरळ झाल्यावर बोका तिच्या मानेशी, चांगला उंचावर बसलेला होता. सासू म्हणाली, आता पाजायच्या वेळी गाठ सोडायची नाही, कोपराने रेटून काखेखालून पुढे आणायचा. ते पाचव्या खेपेला जमलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी पहाटेच्या टेंपोत चढली तेव्हा कोणी काही विचारलं नाही. तीन दिवसांत सगळ्या विचारून थकल्या होत्या.

आराम वगैरे काही नव्हता. कापड दहा वाजेपर्यंत घामाने जड झालं. अकराच्या सुमारास बोक्याने पाठीवर धार सोडली, ती गरम गरम कमरेपर्यंत उतरली आणि गार झाली. गाठ बरगडीवर रुतत होती. पण पिशवी भरली तरी गाठ जागची हलत नव्हती, रिकामी केली तरी हलत नव्हती. तिचे हात सकाळपासून एकदाही कापडाला लागले नव्हते. बोका कापडाची कड चघळत होता, आणि ती नुसती ओली होती. दोनदा तिने सरीतच बसून आधी तेल चोळलं, मग कोपराने त्याला पुढे घेतलं, पाजलं आणि पुन्हा मागे रेटलं. दोन्ही वेळी उंचाडी तिच्यापुढे निघून गेली. दोन्ही वेळी तिने पुन्हा गाठली. दुपारनंतर ती झाडं मोजेनाशी झाली. समोरचं झाड, त्याची वरची फळं, खालची फळं, मग पुढचं झाड.

सरी संपली तेव्हा पुढे बांध आला आणि हात हवेत गेला. तिथे तोडायला काही नव्हतं.

मुकादमीण सरीत उलट दिशेने चालत गेली. मधूनच एखाद्या झाडाचा पाला वर करून बघत होती. दोन ठिकाणी तिने एकेक मिरची तोडली आणि धाकटीच्या पिशवीत टाकली. मग तिने पिशवीखाली हात घालून भार अजमावला, कंबरपट्ट्यात बोट घालून ताणून बघितलं. कोणी केलं, विचारलं. धाकटीने सांगितलं.

"असे अकरा करायला सांग त्याला," मुकादमीण म्हणाली. "या सगळ्यांचे खांदे गेलेत."

मग बाकीच्या जमल्या. बक्कल कसं उघडतं, कमरेला काचतं का, लठ्ठ बाईला पुरेल का, पट्टा काळाच का. एकीने पट्टा सोडवून आपल्या कमरेला लावूनही बघितला. कापडाकडे कोणी बघितलं नाही. कापड सगळ्यांच्या घरात होतं. उंचाडीने तेवढं विचारलं, झोपला का गं, आणि स्वतःच मान वाकडी करून बघून सांगितलं, झोपलाय.

मुकादमीण टेंपोत चढताना म्हणाली, "जागेवर बस."

धाकटीची जागा उंचाडी आणि जादा चाकाच्या मध्ये, लाकडी फळीवर, मागे टेकायला आडवा लोखंडी गज. सगळ्यांनी बसल्या बसल्या पाठी टेकल्या आणि डोळे मिटले. टेंपो खड्ड्यातून निघाला की अकरा डोकी एकदम हलत. धाकटीने तेल, राख, साबण सगळं केलं होतं, तरी बोटांची आग होत होती, आणि त्या बोटांनी गाठ सोडून त्याला पुढे घ्यावं असं तिला वाटेना. शिवाय तो झोपला होता. मागे टेकलं असतं तर तो गजावर दाबला गेला असता. म्हणून ती फळीच्या कडेवर पुढे सरकून, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, ताठ बसली. चार महिने शेडमध्ये बसायचंय, तिने मनात म्हटलं. मग तासभराचा रस्ता ती तशीच बसून राहिली, आणि प्रत्येक खड्ड्याला तिची पाठ आपल्या जागेवर टेकायला मागे जात होती, अर्ध्या वाटेवरून परत येत होती.